फुटलेल्या तबकडीची चौकशी : प्रस्तावना

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरखाली, भुयारी रेल्वेच्या वाटेवर दुकानांची एक रांग होती. १९५९ साली तिथे आयर्विंग रोझ या गृहस्थाने रेकॉर्डचं दुकान थाटलं. सगळे त्याला ‘स्लिम’ म्हणत. गाण्याच्या धंद्याची तेव्हाची रीत अशी की रेकॉर्ड हा नाशवंत माल. या महिन्यात वाजली तर वाजली, नाहीतर पुढच्या महिन्यात काही सेंटांना टोपलीत. स्लिमच्या दुकानात हा हिशेब उलटा झाला. तिथे भिंतीवर जुन्या रेकॉर्डच्या याद्या लागत आणि त्यातल्या काहींची किंमत नव्या रेकॉर्डच्या कितीतरी पट असे. शाळा-कॉलेजातली पोरं जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे धुंडाळून माल आणत, दुकानात ताटकळत उभी राहत, वाद घालत. चार-पाच वर्षांपूर्वीच्या गाण्यांबद्दल ती अशी बोलत, जणू ती गाणी पणजोबांच्या काळातली असावीत.

या पुस्तकाचा विषय अशाच रेकॉर्ड आहेत. रॉक-अँड-रोलची पहिली दहा-अकरा वर्षं, साधारण १९५२ ते १९६३, या काळात अमेरिकेतल्या लहान-लहान कंपन्यांनी हजारो गाणी छापली. एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड यांच्यावर कपाटं भरतील इतकं लिहून झालंय. इथे ते आलेच तर पाहुणे म्हणून येतील. इथली माणसं म्हणजे एकदाच स्टुडिओत गेलेली, एकच रेकॉर्ड काढून पुन्हा शाळेत, सैन्यात नाहीतर कारखान्यात गेलेली मुलं. त्यांच्या रेकॉर्ड कंपन्यांनी जपल्या नाहीत आणि विद्यापीठांनीही जपल्या नाहीत. ज्यांना त्या आवडल्या होत्या त्यांनी जपल्या. त्यामुळे या अभ्यासात हळव्या आठवणीला जे स्थान आहे, ते इतिहासाच्या दुसऱ्या शाखांमध्ये तिला क्वचितच मिळतं. आठवण इथे साक्ष तर देतेच, पण ती स्वतः घटनाक्रमात उतरते आणि पुढे काय घडेल हे ठरवते. हे नुसतं सांगून पटणार नाही. म्हणून दोन रेकॉर्डची गोष्ट सविस्तर सांगतो. दोन्हींचा स्लिमच्या दुकानाशी संबंध आहे, आणि दोन्ही गाणारी मुलं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जवळजवळच्या वस्त्यांतली आहेत.

पहिली मुलं ओझोन पार्कमधली. पाचजण, घरचे सगळे इटालियन. निक सांतामारिया मुख्य गायक, गटाचं नाव कॅप्रिस. हार्लेमच्या कृष्णवर्णीय गटांची गाणी रेडिओवर ऐकून तशीच गायची, ही तेव्हा न्यूयॉर्कमधल्या इटालियन वस्त्यांतली नेहमीची गोष्ट होती. १९५८ साली त्यांनी प्लॅनेट नावाच्या चिमुकल्या कंपनीसाठी ‘देअर्स अ मून आउट टुनाइट’ हे गाणं रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड निघाली आणि आपटली. मुलं पांगली.

स्लिमच्या दुकानात जेरी ग्रीन नावाचा तरुण काम करत असे. १९६०मध्ये त्याच्या लक्षात आलं की प्लॅनेटची ती रेकॉर्ड लोक पुन्हा पुन्हा मागतायत. ॲलन फ्रेडरिक्स यांच्या ‘नाइट ट्रेन’ या रेडिओ कार्यक्रमातही ती वाजू लागली होती. ग्रीनने हक्क मिळवले, लॉस्ट-नाइट हे स्वतःचं लेबल काढलं आणि तेच ध्वनिमुद्रण पुन्हा छापलं. मागणी त्याच्या आवाक्याबाहेर गेली तेव्हा हाय वाइस यांनी ते आपल्या ओल्ड टाउन कंपनीकडे घेतलं. (हे ‘ओल्ड टाउन’ नाव एका कार्बनपेपरच्या कंपनीवरून आलेलं, वाइस यांचा भाऊ तिथे नोकरीला होता. या धंद्यातल्या नावांमागे काव्य शोधू नये.) १९६१च्या सुरुवातीला हे गाणं बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि मोडलेला गट घाईघाईने पुन्हा जमवावा लागला.

आता ही रेकॉर्ड कुठल्या सालची? बिलबोर्डच्या याद्यांवरून शास्त्रशुद्ध ग्रंथ रचणारे जोएल व्हिटबर्न यांच्या कोष्टकात ती १९६१मध्ये बसते, आणि कोष्टक म्हणून ते बरोबरच आहे. पण गाणं गायलं गेलं १९५८मध्ये. मधल्या तीन वर्षांत बडी हॉली विमान अपघातात गेला, प्रेस्ली सैन्यात जाऊन परतला, रेडिओवाल्यांना पैसे चारण्याच्या प्रकरणावर संसदीय चौकशी बसली आणि ॲलन फ्रीडसारख्या निवेदकाची कारकीर्द संपली. लोकप्रिय गाण्यांत तंतुवाद्यांचे ताफे आले. ‘१९६१चं संगीत’ असं प्रकरण लिहिणारा अभ्यासक कॅप्रिसचं गाणं पुढ्यात घेऊन ‘त्या वर्षी जुन्या शैलीकडे ओढा दिसतो’ असं लिहील आणि फसेल. गायकांना जुन्या शैलीकडे कसलाही ओढा नव्हता, ते आपल्या काळातलंच गात होते. ओढा होता तो ऐकणाऱ्यांना. एकाच ध्वनिमुद्रणाच्या तीन लेबलांवरच्या तीन छपाया शेजारीशेजारी ठेवल्या की हा फरक दिसतो. एरवी दिसत नाही.

गाणं स्वतः ऐकण्यासारखं आहे का? आहे, विशेषतः त्याचा शेवट. वाद्यं आवरतात, मग एकेक गळा आपापल्या जागेवरून तेच शब्द घेऊन येतो, आवाजावर आवाज चढत जातो आणि मुख्य गायक अगदी वरच्या, पातळ स्वरात जाऊन थांबतो. मुलांची तालीम कच्ची आहे, एका ठिकाणी मधल्या स्वरांत थोडी गडबडही ऐकू येते. मला ती गडबड आवडते. हेच गाणं कसलेल्या गवयांनी गायलं असतं तर स्लिमच्या दुकानात ते कुणी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

या काळात गतकाळाची हुरहूर किती लवकर लागत होती, याचंही नवल वाटतं. लॉस एंजेलिसचे रेडिओ निवेदक आर्ट लाबो यांनी १९५९ साली जुन्या हिट गाण्यांची एक लाँग-प्ले रेकॉर्ड काढली. तिच्या नावातच गाणी जुनी पण सोन्यासारखी असल्याची ग्वाही होती. ही ‘जुनी’ गाणी साधारण तीन ते पाच वर्षांची! त्यात फाइव्ह सॅटिन्सचं ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ होतं. १९५६मध्ये न्यू हेवन गावातल्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात ते ध्वनिमुद्रित झालं होतं. लिहिणारा आणि मुख्य गायक फ्रेड पॅरिस तेव्हा सैन्यात होता, आणि गाणं यादीत चढलं तेव्हा त्याची नेमणूक जपानमध्ये होती. पहिल्या खेपेला ते चोविसाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. पण १९६०मध्ये आणि पुन्हा १९६१मध्ये ते यादीत परत आलं, तेच ध्वनिमुद्रण, एक सूर न बदलता. वयाच्या चौदाव्या वर्षी ऐकलेलं गाणं अठराव्या वर्षी आठवणीतलं झालेलं असायचं. मध्ये शाळा संपलेली, पहिलं प्रेम मोडलेलं, सैन्यभरतीची चिठ्ठी आलेली. शिवाय ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९मध्ये बाजारात आणल्यापासून गाणं पोरांच्या खिशाला परवडू लागलं होतं. ती वडिलांच्या कपाटातली वस्तू राहिली नव्हती. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या पहिल्या वस्तूचं ममत्व वेगळंच असतं, आणि या अभ्यासाला आर्थिक इतिहासाची जोड लागते ती इथे.

दुसरी गोष्ट क्वीन्समधल्याच जमैका वस्तीतली, ओझोन पार्कजवळची. तिथल्या फाइव्ह शार्प्स या कृष्णवर्णीय मुलांच्या गटाने १९५२ साली जुबिली कंपनीसाठी ‘स्टॉर्मी वेदर’ गायलं. गाणं हॅरल्ड आर्लेन आणि टेड केलर यांचं, १९३३चं, तेव्हाच जुनं झालेलं. रेकॉर्डच्या सुरुवातीला ढगांचा गडगडाट आणि पावसाचा आवाज आहे. मग रॉनल्ड कफी अगदी संथ, ओढून ओढून गातो, आणि मागे टॉम डकेटचा पियानो. रेकॉर्ड खपली नाही. मोबदल्यात मुलांना पैशांऐवजी नुसतं खाणंपिणं मिळाल्याची कथा या वर्तुळात सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, अशा कथा या धंद्यात इतक्या आहेत की त्यांचा वेगळा अभ्यास व्हायला हवा.

१९६१च्या सुमारास एक संग्राहक या गाण्याची ७८ फेऱ्यांची प्रत स्लिमच्या दुकानात घेऊन आला. ती ऐकून स्लिम वेडा झाला आणि रेडिओवर वाजवण्यासाठी त्याने ती मागून घेतली. नंतर ती फुटली. दुकानात पाळलेल्या रॅकूनने ती फोडली असं सांगतात. स्लिमने दुसऱ्या प्रतीसाठी बक्षीस लावलं आणि प्रत मिळेना तसा बक्षिसाचा आकडा चढत गेला. कंपनीकडे मूळ ध्वनिमुद्रण हाती लागेना. शेवटी १९६४मध्ये जुबिलीने भलत्याच गायकांकडून तेच गाणं, त्याच गटाच्या नावाने, नव्याने गाऊन घेतलं आणि बाजारात आणलं. जी रेकॉर्ड जवळपास कुणीच ऐकली नव्हती तिची आठवण इतकी जोरदार झाली होती की तिच्यासाठी तोतया उभा करावा लागला! पुढे अस्सल ७८ची दुसरी प्रत सापडली आणि तिच्यावरून १९७०च्या दशकात नव्याने छपाई झाली. या संगीताला वाहिलेलं ‘बिम बॅम बूम’ नावाचं नियतकालिक तेव्हा संग्राहक मंडळी चालवत होती आणि या शोधात त्यांचा वाटा होता. आज माहीत असलेल्या अस्सल प्रती एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. ४५ची एकही नाही.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त छळते ती वेगळीच गोष्ट. फाइव्ह शार्प्समधला क्लॅरन्स बॅसेट काही बेपत्ता झालेला नव्हता. स्लिमचं दुकान ‘स्टॉर्मी वेदर’च्या मागे लागलं होतं त्याच १९६१ साली तो शेप अँड द लाइमलाइट्स या गटातून ‘डॅडीज होम’ गात होता, आणि ते गाणं यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. मंडळी तबकडीच्या शोधात शहर पालथं घालत होती आणि तबकडीत गायलेल्या माणसाचा आवाज रोज रेडिओवर ऐकत होती. संग्राहकाचा जीव वस्तूत असतो, हे त्याचं बळ आणि हीच त्याची उणीव. नंतरच्या पिढीतल्या संशोधकांनी, विशेषतः मार्व्ह गोल्डबर्ग यांनी, गायकांना गाठून त्यांच्याकडून ऐकून घ्यायला सुरुवात केली तेव्हा या अभ्यासाला माणसांचा चेहरा आला.

वस्तू वाचण्याची विद्या मात्र पोरांच्या छंदातूनच आली आणि ती पक्की आहे. रेकॉर्डची सूची हा प्रकार त्याआधी जॅझवाल्यांनी रुळवला होता. शार्ल दलोने यांची ‘हॉट डिस्कोग्राफी’ १९३६मध्ये पॅरिसला निघाली. रॉक-अँड-रोलवाल्यांनी ती शिस्त उचलली आणि स्वस्त, बेभरवशाच्या छपायांवर वापरून अधिक धारदार केली. गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत मोकळी जागा राहते, तिथे साच्याचा क्रमांक कोरलेला असतो, कधी हाताने खरवडलेला, कधी ठशाने उमटवलेला. लेबल नवं चिकटवता येतं, हा क्रमांक बदलणं सोपं नाही. लॉस एंजेलिसचा मोनार्क कारखाना या जागेत त्रिकोणाच्या खुणेपुढे आकडे कोरत असे. ते क्रमाने वाढत जात असल्यामुळे छपाईचा महिनादेखील काढता येतो. लेबलावर कंपनीच्या पत्त्यात झिपकोड असेल तर ती छपाई जुलै १९६३नंतरची, मग विकणारा काहीही शपथा घेवो. त्याआधी अमेरिकेत झिपकोडच नव्हता.

पण वस्तूला इतकं मानणाऱ्यांना एक इशारा. लेबलही खोटं बोलतं, आणि गायकाचं नाव सोडून गीतकाराच्या रकान्याकडे वळलं की फारच. चक बेरीच्या ‘मेबलीन’वर ॲलन फ्रीडचं नाव सहकवी म्हणून लागलं, कारण रेडिओवर गाणं वाजवणं फ्रीडच्या हातात होतं. दर रेकॉर्डमागे गाण्याला दोन सेंट मानधन तेव्हा कायद्याने ठरलेलं, त्यातला वाटा अशा रीतीने चोरीला जाई. सगळ्यांत गाजलेलं प्रकरण ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’चं. १९५६चं हे गाणं टीनेजर्स या गटाचं; तेरा वर्षांच्या फ्रँकी लायमनचा आवाज अजूनही चकित करतो. श्रेयाच्या रकान्यात निर्माता जॉर्ज गोल्डनर आला, पुढे रेकॉर्ड-व्यावसायिक मॉरिस लेव्ही आले. गटातले हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट म्हणत राहिले की गाणं आमचं. १९९२मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात ज्यूरीने त्यांचं म्हणणं खरं मानलं. १९९६मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. गाणं त्यांचं नव्हतं म्हणून नव्हे, तर तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावला नव्हता म्हणून. इथे कागदापेक्षा म्हाताऱ्या गायकांची आठवण अधिक विश्वासार्ह ठरली, आणि तरी हरली. आठवण तपासावी कशी, हे या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आहे. ते वाचताना सँटियागो आणि मर्चंट समोर बसलेत असं धरून वाचावं.

संगीताविषयी थोडं. या गाण्यांची स्वरयोजना साधी आहे, इतकी की अभ्यासक तिला हसतात. षड्जावर उभा केलेला मेजर कॉर्ड, मग धैवतावरचा मायनर, मग मध्यम, मग पंचम, आणि परत घरी. शेकडो गाणी याच चार खांबांवर उभी आहेत. फरक पडतो तो गळ्यांच्या मांडणीने: खाली खर्जातला एकजण निरर्थक अक्षरांनी ठेका धरतो, वर दोघे-तिघे आकार धरून उभे राहतात, आणि सगळ्यांच्या वर एक पातळ आवाज मोकळा फिरतो. तालमीला वाद्यं नाहीत, कारण वाद्यांना पैसे नाहीत. शाळेचे जिने, इमारतींचे बोळ, भुयारी स्टेशनं इथे आवाज घुमतो म्हणून मुलं तिथे जमत. स्टुडिओत गेल्यावर निर्माते तोच घुमारा यंत्राने चढवत. संगीतशास्त्र येत नाही म्हणून कुणी या पुस्तकाला बिचकू नये. कान असला की पुरे.

मराठी वाचकाच्या कानाला तर हे सगळं वाटतं तितकं परकं नाही. याच वर्षांत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, मुंबईत गोव्याच्या वादकांना घेऊन ‘आशा’ चित्रपटासाठी ‘ईना मीना डीका’ करत होते, साल १९५७. निरर्थक अक्षरं, धावता ठेका, सगळं तेच. आणि रेकॉर्डच्या अभ्यासात आपली परंपरा चांगली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू केली. तिच्या नियतकालिकातून लाखेच्या तबकड्यांवरचे क्रमांक, गायकांची नावं, छपाईच्या तारखा यांची जी छाननी झाली ती जगातल्या कुठल्याही अशा कामाच्या पंक्तीत बसेल. चोरबाजारात तबकडी उलटी करून उजेडात धरणारा माणूस आणि स्लिमच्या दुकानातला मुलगा एकमेकांना ताबडतोब ओळखतील. फरक इतकाच की आपल्याकडे ही चिकाटी शास्त्रीय संगीत, नाट्यपदं, जुनी चित्रपटगीतं यांच्या वाट्याला आली. एकदाच गाऊन विरून गेलेल्या हौशी पोरांच्या गाण्यांना ती मिळाली नाही, आणि ती मिळायला हवी असं माझं मत आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. कंपन्या आणि वितरकांवरचं प्रकरण कोरडं आहे. ते पुढे गरज पडेल तेव्हा वाचलं तरी चालेल. साच्यांच्या क्रमांकांवरचं प्रकरण हातात प्रत्यक्ष तबकडी घेऊन वाचावं, कुठलीही चालेल, घरातली सुधीर फडक्यांचीसुद्धा. गायकांच्या मुलाखतींचं प्रकरण आधी वाचलंत तर बरं, कारण पुढच्या तांत्रिक भागात त्याच माणसांची नावं पुन्हा येतात. गाणी बहुतेक सगळी आज ऐकायला मिळतात. शक्य असेल तिथे एकाच गाण्याच्या दोन छपाया ऐकाव्यात. नंतरच्या छपाईत घुमारा वाढवलेला किंवा शेवट आधीच विझवलेला आढळेल.

न्यू जर्सीत आणि क्वीन्समध्ये आता आपली बरीच मंडळी राहतात, आणि उन्हाळ्यात शनिवारी सकाळी लोकांच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला जातात हे मला ठाऊक आहे. भांड्याकुंड्यांच्या शेजारी रेकॉर्डचा खोका दिसला तर दोन मिनिटं थांबावं. कंपनी जुबिली, गट फाइव्ह शार्प्स, साल १९५२. पत्त्यात झिपकोड असेल तर किंवा सात इंची असेल तर आधी संशय घ्यावा, मग पुन्हा नीट पाहावं. दहा इंची, लाखेची, जड असेल तर दोन्ही हातांनी, कडेला धरून उचलावी. घरात पाळीव प्राणी असल्यास ती कपाटात ठेवावी.